सरकार नावाचे गिऱ्हाईक आणि कमी कर्बाचे इंधन

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

सरकार म्हटले की कायदा करणारे, कर गोळा करणारे आणि दाखल्यावर शिक्का मारणारे सरकार आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण सरकारचे आणखी एक रूप आहे आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. सरकार हे बाजारातले एक फार मोठे गिऱ्हाईक आहे. तहसीलदारांच्या जीपपासून पोलिसांच्या व्हॅनपर्यंत, रुग्णवाहिकेपासून एस.टी.च्या बसपर्यंत आणि लष्कराच्या ट्रकपासून विमानापर्यंत असंख्य सरकारी व निमसरकारी वाहने रोज इंधन पितात. हे इंधन जनतेच्याच पैशातून येते. मग ते कोणते घ्यावे याला काही नियम असावा की नसावा? कमी कर्ब सोडणारे इंधनच घेतले पाहिजे, अशी सक्ती सरकारी खात्यांवर करावी काय? जगातील काही देशांनी तशी सक्ती करून पाहिली आहे. तिचे फळ काही ठिकाणी गोड, तर काही ठिकाणी आंबट निघाले. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने रसायनशास्त्रात फार खोल जाणार नाही. पण थोडा हिशेब केल्याशिवाय हा विषय समजत नाही, हेही खरे.

खरेदीचा जुना दंडक

सरकारी खरेदीचा आजवरचा दंडक साधा आहे. निविदा मागवाव्यात, माल ठरलेल्या दर्जाचा असावा आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याकडून तो घ्यावा. जनतेच्या पैशाचा गैरवापर होऊ नये म्हणून हा दंडक आवश्यकच आहे. पण अर्थशास्त्राच्या तासाला आपण बाह्य परिणाम ही कल्पना शिकलो. एखाद्या वस्तूच्या उत्पादनाचा किंवा वापराचा भुर्दंड घेणाऱ्याला वा विकणाऱ्याला न पडता तिसऱ्याच माणसाला पडतो, तेव्हा बाजारातील किंमत अपुरी असते. डिझेलच्या दरात खनिज तेल, शुद्धीकरण, वाहतूक आणि कर हे सारे धरलेले असते. डिझेल जळल्यावर हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड मात्र त्यात धरलेला नसतो. तो भुर्दंड अवकाळी पाऊस आणि वाढता उन्हाळा यांच्या रूपाने भलतेच लोक भरतात. बहुधा ज्यांच्याकडे गाडीच नसते, असे लोक.

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. मग त्यातून सव्वादोन किलोंहून जास्त वायू कसा निघतो, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर असे की इंधनातील कर्ब जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्या प्राणवायूचे वजन त्यात मिळते. म्हणजे टाकीत जेवढे वजन जाते त्याच्या तिप्पट वजन धुराड्यातून बाहेर पडते, असे म्हटले तरी चालेल.

कमी कर्ब म्हणजे नेमके काय?

येथेच पहिली अडचण येते. इंधन कमी कर्बाचे आहे की नाही, हे धुराड्याकडे पाहून ठरवता येत नाही. ऊस वाढताना हवेतील कर्ब शोषून घेतो. त्या उसापासून केलेले इथेनॉल जाळले तर तोच कर्ब पुन्हा हवेत जातो. म्हणून तो जमेस धरायचा नाही, असा संकेत आहे. हे बरोबरच आहे. परंतु उसाला युरिया लागतो. युरिया तयार करताना नैसर्गिक वायू खर्ची पडतो आणि शेतात टाकलेल्या नत्रखतापासून नायट्रस ऑक्साइड हा वायू सुटतो. हा वायू वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. शिवाय पाण्याच्या पंपाला वीज लागते, ऊस वाहायला ट्रॅक्टर लागतो, आसवनीला वाफ लागते. ती वाफ उसाच्या चिपाडावर केली तर एक हिशेब आणि दगडी कोळशावर केली तर दुसरा. शेतापासून गाडीच्या चाकापर्यंतचा हा सारा हिशेब म्हणजे इंधनाचा जीवनचक्र हिशेब होय.

या हिशेबावर कायदा उभा करण्याचे काम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने केले. तेथील राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २००७ साली तसा आदेश काढला आणि २०११ पासून नियम अंमलात आला. तेथे प्रत्येक इंधनाला, त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या मानाने किती ग्रॅम कर्बवायू सुटतो, असा आकडा दिला जातो. एकच इथेनॉल, पण दोन कारखान्यांतून आले तर त्याचे आकडे वेगवेगळे असू शकतात. २००८ साली टिमोथी सर्चिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिशेबात आणखी एक मुद्दा आणला. मक्याचे शेत इंधनासाठी गेले की कमी पडलेला मका पिकविण्यासाठी जगात दुसरीकडे कुठेतरी जंगल किंवा कुरण मोडले जाते. तोही कर्ब मोजला तर मक्याचे इथेनॉल तीस वर्षांच्या हिशेबात पेट्रोलपेक्षा जवळजवळ दुप्पट घातक ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण हिरवे दिसते ते सगळेच हिरवे नसते, एवढे सर्वांना पटले.

अमेरिकेचा अनुभव: गाडी एक, इंधन दुसरेच

सरकारी खात्यांवरील सक्तीचा सर्वांत जुना आणि बोधप्रद अनुभव अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आहे. १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने असे ठरविले की मोठ्या शहरांतील केंद्रीय खात्यांनी हलकी वाहने घेताना ठराविक प्रमाणात पर्यायी इंधनावर चालणारी वाहने घ्यावीत. १९९९ पासून हे प्रमाण शेकडा ७५ करण्यात आले. खात्यांनी कायदा पाळला. त्यांनी पेट्रोल आणि इथेनॉल अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या, आणि पुष्कळशा गाड्यांत पेट्रोलच भरले! कारण कायदा गाडीबद्दल बोलत होता, टाकीत काय भरायचे याबद्दल नव्हे. ही पळवाट बुजविण्यासाठी २००५ साली नवा कायदा करावा लागला. दुहेरी इंधनाच्या सरकारी गाड्यांत पर्यायी इंधनच भरले पाहिजे, असे त्याने सांगितले. पण पंप जवळपास नसेल किंवा ते इंधन फार महाग पडत असेल, तर सूट ठेवली. सूट मागणाऱ्या गाड्यांची संख्या मोठी होती, हे सांगायला नकोच.

यानंतर २००७ चा ऊर्जा कायदा आला. त्याच्या ५२६ व्या कलमाची हकीकत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारात सर्वांत जास्त इंधन लागते ते संरक्षण खात्याला. त्या सुमारास तेथील हवाई दल परदेशी तेलावरचे अवलंबन कमी करावे म्हणून दगडी कोळशापासून विमानाचे इंधन करण्याच्या खटपटीत होते. २००६ च्या सप्टेंबरात एका बी-५२ बॉम्बफेकी विमानाचे कृत्रिम इंधनाच्या मिश्रणावर चाचणी उड्डाणही झाले. कोळसा देशातच मुबलक असल्याने देशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही कल्पना आकर्षक होती. पण कोळशापासून केलेल्या द्रव इंधनाचा कर्ब, कारखान्यातला वायू पकडून ठेवला नाही तर, नेहमीच्या इंधनाच्या सुमारे दुप्पट भरतो. तेव्हा हेन्री वॅक्समन यांच्या पुढाकाराने कायद्यात असे कलम घालण्यात आले की, वाहनांसाठी कोणतेही पर्यायी अथवा कृत्रिम इंधन घेताना त्याचा जीवनचक्रातील कर्ब नेहमीच्या खनिज इंधनाच्या कर्बाहून जास्त असता कामा नये आणि तसे करारातच नमूद असले पाहिजे. संशोधन आणि चाचणी यांना तेवढे यातून वगळले.

हे कलम बारकाईने वाचले तर ध्यानात येते की, ते 'चांगले घ्या' असे सांगत नाही. ते 'आहे त्याहून वाईट घेऊ नका' एवढेच सांगते. सक्ती म्हटली तर ती अगदी किमान आहे. तरीही तिचा धाक मोठा ठरला, कारण कोळशाच्या इंधनाचा कारखाना काढणाऱ्याला लष्करासारखे खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते आणि नेमके तेच गिऱ्हाईक या कलमाने दूर ठेवले. गिऱ्हाईक न मिळाल्याने एखादा धंदा उभाच राहत नाही, हेही गिऱ्हाइकाचे सामर्थ्यच आहे.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेच्या नौदलाने २०१२ साली पॅसिफिक महासागरातील सरावासाठी साडेचार लाख गॅलन जैवइंधन घेतले. त्यासाठी गॅलनला सुमारे २६ डॉलर पडले, म्हणजे नेहमीच्या इंधनाच्या कित्येक पट. तेथील संसदेत यावर कडाडून टीका झाली. लष्कराचा पैसा लढण्यासाठी आहे, प्रयोगांसाठी नाही, असे अनेक सभासद म्हणाले. पण पुढे २०१६ मध्ये नौदलाने जनावरांच्या चरबीपासून केलेले जैवइंधन शेकडा १० मिसळलेले इंधन घेतले, तेव्हा शेतकी खात्याचे अनुदान धरून त्याचा दर गॅलनला दोन डॉलर पाच सेंटच्या आसपास होता. पहिल्या घाण्याचे तेल महागच पडते. मोठे गिऱ्हाईक काही काळ टिकले तर दर खाली येऊ शकतात, ही सक्तीच्या बाजूची मुख्य दलील आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

मात्र गिऱ्हाईक टिकले तर! २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी आदेश काढून केंद्र सरकारने घ्यायच्या नव्या गाड्या २०३५ पर्यंत सर्वस्वी धूरविरहित असाव्यात, असे ठरविले. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रंप यांनी पदावर येताच तो आदेश रद्द केला. आदेश एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो. कायद्यातील कलम मात्र इतक्या सहजी पुसता येत नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

कायद्यातील शब्दांचे महत्त्व दाखविणारे आणखी एक उदाहरण तेथील वॉशिंग्टन राज्याचे आहे. १ जून २०१५ पासून राज्याच्या खात्यांनी आपल्या सर्व वाहनांसाठी, बोटींसाठी आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी शंभर टक्के जैवइंधन किंवा वीज वापरावी, असे त्या राज्याचा कायदा म्हणतो. वाचून छाती दडपते. पण त्यातच 'व्यवहार्य असेल तेथवर' अशा अर्थाचे शब्द आहेत आणि सारा कायदा त्या शब्दांवर टांगलेला आहे. युरोपीय संघाने निराळा मार्ग धरला. २०१९ मध्ये सुधारलेल्या आणि २०२१ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या निर्देशानुसार प्रत्येक देशाला त्याच्या ऐपतीप्रमाणे वेगळा आकडा दिला. सार्वजनिक संस्थांनी घ्यायच्या बसगाड्यांपैकी २०२५ अखेरपर्यंत शेकडा २४ ते ४५ आणि त्यापुढे २०३० पर्यंत शेकडा ३३ ते ६५ गाड्या स्वच्छ असाव्यात, आणि त्यांतील निम्म्या पूर्णपणे धूरविरहित असाव्यात, असे ते आकडे आहेत. गरीब देशाला कमी आणि श्रीमंताला जास्त. हे शहाणपण आपण पुढे पुन्हा आठवणार आहोत.

आपल्याकडील सक्ती

आपल्या देशात अशा सक्तीची पहिली मोठी कसोटी दिल्लीत लागली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की, दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सी.एन.जी.वर आणाव्यात. मुदत उलटली, गॅसच्या पंपांवर मैल मैल रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. पण न्यायालय हटले नाही आणि २००२ साल संपेपर्यंत काम पुरे झाले. हा आदेश कर्बासाठी नव्हता, काळ्या धुरासाठी होता. पण गाडीची सक्ती आधी आणि पंपाची सोय नंतर, असे झाले की काय होते, हे त्याने दाखविले.

दुसरी सक्ती आपल्या महाराष्ट्राच्या अगदी दाराशी आहे, ती म्हणजे इथेनॉलची. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली नऊ राज्यांत सुरू झाला. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी साखर कारखान्यांकडून इथेनॉल घ्यायचे, अशी ती योजना. २०१३-१४ साली मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. २०३० चे ध्येय पाच वर्षे आधी गाठले गेले. सरकारी गिऱ्हाईक मनावर घेते तेव्हा काय होते, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. कारखान्यांना रोख पैसा मिळू लागला आणि उसाची बिले पूर्वीपेक्षा वेळेवर निघण्यास त्याची मदत झाली.

परंतु ही खरेदी कमी कर्बाची आहे काय? सरकारने ठरविलेले दर पाहिले तर शंका येते. २०२४-२५ च्या हंगामात सी-हेवी मळीपासून, म्हणजे साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, बी-हेवी मळीच्या इथेनॉलला ६०.७३, उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ आणि मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर होता. बाटलीत ओतल्यावर चारही सारखीच. शेवटची मळी ही साखरेची उरलीसुरली वस्तू. तिच्यासाठी वेगळे शेत, वेगळे खत लागत नाही. म्हणून कर्बाच्या आणि पाण्याच्या हिशेबाने तीच सर्वांत हलकी. दर मात्र तिलाच सर्वांत कमी! हे दर उत्पादनखर्च पाहून ठरविलेले आहेत, कर्ब पाहून नव्हे. मक्याला चांगला दर मिळाल्याने मक्याची मागणी इतकी वाढली की २०२४ साली मका निर्यात करणारा आपला देश मका आयात करू लागला. शिवाय अन्न महामंडळाकडील तांदूळ किलोला साडेबावीस रुपये दराने आसवन्यांना देण्यात आला. ताटातले टाकीत जाते, ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते.

पाण्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की, एक टन उसापासून ७० लिटर इथेनॉल होते आणि उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते. चाळीस लिटरच्या टाकीत वीस टक्क्यांच्या हिशेबाने आठ लिटर इथेनॉल येते. ते सारे उसाचे धरले तर एका टाकीमागे जवळजवळ तेवीस हजार लिटर पाणी, म्हणजे पाच हजार लिटरचे साडेचार टँकर! ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मराठवाड्यात उसाचे क्षेत्रही मोठे आहे. कर्ब वाचविला आणि पाणी गमावले, असा हा सौदा होऊ नये.

आणखी एक हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही. तो मी लिहिते, कारण तो माझ्या घरचा आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याच्या हद्दीत जायचे, ते उन्हाळा लागेपर्यंत. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. तेही मला आजीजवळ ठेवले म्हणून. इथेनॉलमुळे कारखान्याला चांगले दिवस येत असतील तर त्यात आमचेही हित आहे, हे मला कळते. पण इंधन स्वच्छ आहे की नाही हे ठरविताना खत मोजतात, वीज मोजतात, ट्रॅक्टरचे डिझेल मोजतात आणि कोयता मात्र मोजत नाहीत, हेही कळते. सरकार ज्या अर्थी हमखास गिऱ्हाईक आहे, त्या अर्थी तोडणी करणाऱ्यांसाठी पिण्याचे पाणी, मुलांची शाळा आणि राहायला धड जागा यांची अट खरेदीच्या करारात घालणे त्याला अशक्य नाही. अमेरिकेच्या कायद्यात कर्बाची अट करारात घालता येते, तर आपल्याकडे ही का येऊ नये?

धोरण वरचेवर बदलले तर काय होते, तेही येथेच दिसले. सरकार घेणार या भरवशावर कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभारल्या. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, साखर कमी होणार असे दिसले, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठली. साखर महाग होऊ नये ही सरकारची काळजी खोटी नव्हती. पण कर्जाचे हप्ते पावसाची वाट पाहत नाहीत.

एस.टी.चा प्रश्न

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. पहिल्यांदा धावली आणि ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेची बस सुरू झाली. राज्याच्या २०२१ च्या धोरणानंतर असाही निर्णय झाला होता की, १ जानेवारी २०२२ पासून सरकार आणि स्थानिक संस्था नव्याने घेतील वा भाड्याने घेतील त्या गाड्या विजेच्याच असाव्यात. २०२३ मध्ये एस.टी.ने ५१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. परंतु गाड्यांचा पुरवठा वेळापत्रकाच्या फार मागे पडला आणि २०२५ साली करार रद्द करण्याची भाषा खुद्द परिवहनमंत्र्यांनी केली.

मग एस.टी.वर कमी कर्बाच्या इंधनाची कडक सक्ती करावी काय? थोडे गणित करू. एस.टी.ची साधी बस लिटरला पाच किलोमीटर गेली तर किलोमीटरमागे सुमारे ५४० ग्रॅम कर्बवायू सुटतो. बसमध्ये चाळीस माणसे असतील तर माणशी साडेतेरा ग्रॅम. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर गेली तरी किलोमीटरमागे ४६ ग्रॅम. दोघे बसले तर माणशी २३. म्हणजे धूर ओकणारी, खडखडणारी आपली लाल बस भरलेली असेल तर ती आजही कमी कर्बाचेच वाहन आहे! आता समजा, एस.टी.वर महागड्या इंधनाची किंवा गाड्यांची सक्ती झाली आणि पैसा मात्र दिला नाही. तोटा भरून काढायला ती काय करील? आडबाजूच्या गावांच्या फेऱ्या कमी करील. सकाळची गाडी बंद झाली की ज्याला ऐपत आहे तो मोटारसायकल घेईल आणि कर्ब वाढेल. ज्याला ऐपत नाही त्याची मुलगी कॉलेज सोडील. आपल्या वर्गात पास काढून एस.टी.ने येणारे किती आहेत, हे मोजले तर मी काय म्हणते ते पटेल.

विजेच्या बसचाही हिशेब प्रामाणिकपणे केला पाहिजे. मोठ्या बसला किलोमीटरमागे सुमारे एक युनिट वीज लागते असे धरू. आपल्या देशात वीज मुख्यतः कोळशावर होते आणि एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू सुटतो. डिझेल विहिरीतून पंपापर्यंत आणण्यात जाणारा कर्ब मिळविला तरी साध्या डिझेल बसचा आकडा साडेसहाशेच्या घरात राहतो. म्हणजे आज दोन्ही जवळपास सारख्याच. मग विजेची बस घेऊच नये काय? तसेही नाही. विजेच्या बसचा धूर बसस्थानकावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जात नाही, हा लाभ आजच पदरात पडतो. आणि पुढे सौर व पवन वीज वाढेल तसा त्याच बसचा कर्ब दरवर्षी उतरत जाईल. डिझेलची बस जुनी होईल तसा तिचा धूर वाढतच जाईल. पण डेपोच्या छपरावर आणि मोकळ्या जागेत सौर वीज केली नाही, तर विजेची बस म्हणजे धूर एका गावातून उचलून कोळशाच्या वीजकेंद्राच्या गावी नेऊन टाकणे होय.

सक्ती कशी असावी?

या सर्व विवेचनावरून माझ्या अल्पमतीला जे वाटते ते असे. सरकारी खात्यांवर सक्ती असावी, कारण त्यांच्याएवढे मोठे आणि खात्रीचे गिऱ्हाईक दुसरे नाही. पण ती सक्ती गाडीच्या नावावर नसावी, टाकीतल्या इंधनाच्या संपूर्ण हिशेबावर असावी. १९९२ च्या अमेरिकी कायद्याचा धडा हाच आहे. इथेनॉलचे दर ठरविताना त्यातला कर्ब आणि त्यामागचे पाणी यांनाही वजन मिळावे. मळीला मक्याहून हलके लेखू नये. पंपाची आणि विजेची सोय आधी व्हावी, मुदत नंतर पडावी; हे दिल्लीने शिकविले. धोरण पावसाबरोबर बदलू नये. बदलायचेच असेल तर हंगाम सुरू होण्यापूर्वी बदलावे. आणि सक्तीचा खर्च ज्याच्या खांद्याला झेपेल त्याच्यावरच पडावा. मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवर नियम आज लावला तरी कोणाचे शिक्षण थांबत नाही. एस.टी.वर तो लावायचा तर इंधनातील फरकाचे पैसे शासनाने आधी मोजावेत. युरोपीय संघ देशादेशांत ऐपत पाहून भेद करतो, तर आपण सचिवालयाच्या मोटारीत आणि खेड्याच्या बसमध्ये एवढा भेद करू शकत नाही काय?

कर्बाचा प्रश्न परदेशी परिषदांत चर्चिला जाणारा, आपल्यापासून दूरचा प्रश्न आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. परंतु तो उसाच्या फडात आहे, विहिरीच्या तळाशी आहे आणि सकाळच्या पहिल्या गाडीतही आहे. सरकारने काय विकत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार अखेर ज्यांच्या पैशातून खरेदी होते त्यांचा आहे. म्हणून यापुढे कुठल्याही इंधनाला स्वच्छ म्हटले गेले, तर तीन प्रश्न विचारायची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी: त्याचा हिशेब कुठपासून कुठपर्यंत केला, त्यात पाणी किती गेले आणि त्याची किंमत कोण भरतो? या तीन प्रश्नांची उत्तरे जे इंधन देऊ शकेल, तेच सरकारने खुशाल घ्यावे.